वाद नको म्हणणाऱ्यांशी थोडा वाद

'या ग्रुपवर कृपया वाद नको.' हे वाक्य हल्ली इतक्या ठिकाणी वाचावयास मिळते की, 'येथे थुंकू नये' या आपल्या जुन्या, सार्वत्रिक आणि तितक्याच निष्फळ सूचनेची जागा त्याने घेतली आहे, असे वाटू लागते. ग्रुप माजी विद्यार्थ्यांचा असो, पालकांचा असो, देवस्थानच्या महाजनांचा असो, की एका आजोबांच्या सोळा नातवंडांचा असो. तो स्थापन झाल्यावर थोड्याच दिवसांत कोणीतरी कोणास तरी टाकून बोलतो, दुसरा त्याचा बाप काढतो, आणि मग ग्रुपचा चालक, म्हणजे अ‍ॅडमिन, हात जोडल्याचे चित्र लावून वरील वाक्य लिहितो. त्यानंतर तेथे सुप्रभात, गुलाबाचे फूल, वाढदिवसाचा केक आणि अधूनमधून कोणाच्या तरी निधनाची वार्ता एवढेच उरते. सर्वांस वाटते, आता शांतता झाली.

विद्यार्थी मित्रहो, आणि हा अंक घरी नेल्यावर तो चाळणाऱ्या पालकहो, मला या शांततेविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. यंत्राचे शास्त्र हा माझा प्रांत नव्हे. मी भाषा शिकविते. कोणता शब्द कोठे बोचतो आणि का बोचतो, एवढेच पाहणे माझे काम आहे. ते पाहता पाहता माझे असे मत झाले आहे की, मोबाइलच्या पडद्यावर बोकाळलेल्या असभ्यतेवर 'वाद नको' हा उपाय रोगापेक्षाही वाईट आहे.

प्रथम रोगाचे निदान पाहू. माणूस समोर बसला असता जे बोलण्यास जीभ धजत नाही, ते मोबाइलवर बोटे सहज लिहून जातात. जॉन सुलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००४ साली या वृत्तीची मीमांसा केली आणि तिला 'ऑनलाइन डिसइनहिबिशन' असे नाव दिले. आपण त्यास संकोचाचा लोप म्हणू. लिहिणारा दिसत नाही, त्याचे नाव पुष्कळदा झाकलेले असते, दुसऱ्याचे उत्तर त्याच क्षणी ऐकावे लागत नाही, अधिकारी किंवा वडीलधारे कोणी समोर नसते, अशी अनेक कारणे त्यांनी दिली. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मात्र बहुधा विसरली जाते. हाच संकोचाचा लोप कित्येकदा उपकारकही ठरतो. वर्गात वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी रात्री मला दोन ओळी लिहून आपली अडचण कळविते, ती याच कारणाने. ज्या दारातून शिवी आत येते त्याच दारातून विश्वासही येतो. म्हणून ते दारच बुजवून टाकावे असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

पुष्कळांस वाटते, सारा दोष टोपणनावाचा आहे. प्रत्येकास खरे नाव लिहावयास लावले की सारे सरळ होतील. दक्षिण कोरियाने हा प्रयोग करून पाहिला. तेथे २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यास आपली खरी ओळख पटवून देणे कायद्याने सक्तीचे झाले. २०१२ साली तेथील संविधान न्यायालयाने ती सक्ती रद्द केली, आणि तिच्यामुळे बेकायदा मजकूर म्हणण्यासारखा घटला असे दिसत नाही, हेही नमूद केले. त्याच वर्षी इस्राएलमधील हैफा विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी आपल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. परस्परांचे नाव ठाऊक असणे किंवा नसणे यापेक्षा, डोळ्यास डोळा भिडणे किंवा न भिडणे याचा परिणाम माणसाच्या उर्मटपणावर अधिक होतो, असे त्यांस आढळले. आपल्याला हे कळण्यासाठी हैफापर्यंत जावयास नको. आपल्या ग्रुपांवर प्रत्येकाचे नाव असते, दूरध्वनी क्रमांक असतो, वर बायकामुलांसह काढलेले हसतमुख छायाचित्र असते. तरीही बाप काढला जातोच.

न दिसणाऱ्या माणसाशी बोलण्यात हा धोका आहे, हे आपल्या पूर्वीच्या पिढ्यांस पक्के ठाऊक होते. पत्र म्हणजे तरी दुसरे काय? डोळ्यांआड असलेल्या माणसाशी केलेले भाषणच ते. म्हणून पत्राच्या आरंभी मायना असे. वडिलांस शिरसाष्टांग नमस्कार, बरोबरीच्या माणसास सप्रेम नमस्कार, धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद, व्यवहारातील परक्या गृहस्थास साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आणि शेवटी, मध्ये काहीही लिहिलेले असो, 'कळावे, लोभ असावा.' तुम्ही मुले परीक्षेत हे सारे संक्षेपाने, 'सा. न. वि. वि.' असे लिहिता आणि गुण मिळविता. त्या चार अक्षरांचे काम काय होते, हे मात्र आम्ही शिक्षक सांगत नाही. समोर नसलेल्या चेहऱ्याची जागा ती अक्षरे भरून काढीत. लेखणी रागाने थरथरत असली तरी पहिली ओळ लिहिता लिहिता माणसास आठवण होई की, आपण कोणाशी, कोणत्या नात्याने बोलत आहोत.

आमच्या आजोळी कुळागराच्या पाटाच्या पाण्यावरून दोन चुलतभावांत भांडण होते. घरची बोली कोकणी; पत्रव्यवहार मात्र त्या काळच्या गोव्यातील हिंदू घरांच्या रीतीप्रमाणे मराठीत. त्यांतील एक पत्र मी पाहिले आहे. मजकुरात एका भावाने दुसऱ्यास 'पाणीचोर' म्हटले आहे, कोर्टात खेचण्याचा धाक घातला आहे, आणि आरंभी 'राजमान्य राजश्री' व शेवटी 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा' असे लिहिले आहे. आज कोणी यास ढोंग म्हणेल. मला ते ढोंग वाटत नाही. पाणी चोरणाऱ्या भावासही परत बोलण्यास जागा ठेवलेली आहे, एवढेच त्या ओळीने कळते. आणि पाटाचा तंटा कोर्टात न जाता मिटला, हेही सांगितले पाहिजे.

इंटरनेटच्या आरंभीच्या मंडळींनाही ही गरज जाणवली होती. १९९५ च्या ऑक्टोबरात त्यांनी शिष्टाचाराचे एक टिपण प्रसिद्ध केले. १८५५ हा त्याचा अनुक्रमांक. त्यात सारा मजकूर रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांत लिहू नये, कारण वाचणाऱ्यास तो ओरडल्यासारखा वाटतो, असे सांगितले आहे. आणि मन प्रक्षुब्ध झाले असता उत्तर धाडण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी, असाही सल्ला आहे. तीस वर्षे होऊन गेली, पण याहून शहाणा सल्ला माझ्या वाचनात आला नाही. एक रात्र! आज निळ्या खुणा दिसल्यावर एक मिनिट उत्तर आले नाही तरी आपण 'बोलती बंद झाली का' असे विचारतो. पूर्वी टपालास लागणारे चार दिवस हे आपले नुकसान आहे असे सर्वांस वाटे. ते दिवस रागाचा निचरा होण्यासाठी किती उपयोगी पडत होते, हे ते नाहीसे झाल्यावर कळू लागले आहे.

आपल्या देवनागरीत मोठी आणि लहान अशी दोन अक्षरे नाहीत. त्यामुळे तो एक आरोप आपल्यावर येत नाही. आपण ओरडतो ते उद्गारचिन्हांच्या माळा लावून, आणि त्याहूनही अधिक सर्वनामांनी. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तीन पायऱ्या आहेत. भांडण पेटले की पहिली गोष्ट घडते ती ही, की माणूस 'तुम्ही'वरून 'तू'वर उतरतो. 'अरे-तुरे करू नका' हे वाक्य इंग्रजीत नीट सांगताच येणार नाही.

येथे मात्र माझ्यासारख्या कोकणी घरातून आलेल्यांची एक अडचण आहे. आमच्या अनेक घरांत आईस 'तूं', बाबांस 'तूं', आजोबांस 'तूं', आणि शेजारच्या सत्तर वर्षांच्या काकांसही 'तूं' म्हणतात. 'तुमी' आहे, पण ते परक्या किंवा विशेष मानाच्या माणसासाठी राखून ठेवलेले. 'काका, तूं केन्ना येतलो?' या वाक्यात आदराचा यत्किंचितही अभाव नाही. आदर 'काका' या हाकेत आणि ती मारण्याच्या स्वरात भरलेला असतो. आता हाच मुलगा तेच वाक्य मराठीत, पुण्याच्या किंवा इंदूरच्या एखाद्या वयस्क गृहस्थास मोबाइलवर लिहितो, तेव्हा स्वर घरीच राहतो आणि नुसता 'तू' पोहोचतो. ते गृहस्थ संतापतात, मुलास आपले काय चुकले ते उमगत नाही, आणि कोकणी माणसे उद्धट असतात असा एक समज आणखी पक्का होतो. याच्या उलट, 'आपण तर मोठे विद्वान दिसता' या वाक्यात सर्वनाम सर्वांत वरच्या पायरीचे आहे, पण वाक्य शुद्ध चपराक आहे. तेव्हा असभ्यता मोजावयाची ती शब्दकोश उघडून मोजता येत नाही. कडक शब्दांनाही मी असभ्यता म्हणणार नाही. तुकोबांची वाणी मुळीच मऊ नव्हती. माझी कसोटी साधी आहे: तुमचे वाक्य वाचल्यावर समोरच्याला उत्तर देण्यास जागा उरते की नाही? 'तुमचे हे विधान साफ खोटे आहे' या वाक्यास उत्तर आहे. पुरावा आणावा आणि द्यावे. 'तुमच्यासारख्यांची लायकी ठाऊक आहे' या वाक्यास उत्तर नाही. तशाच दुसऱ्या वाक्याशिवाय.

आता मी एका प्रसंगाकडे वळते. एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर (ती शाळा आपली नव्हे, आणि तिचे नाव सांगण्याचे प्रयोजनही नाही) स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन मराठीत असावे की कोकणीत, असा प्रश्न निघाला. प्रश्न चांगला होता. शाळा मराठी माध्यमाची, मुले घरी कोकणी बोलणारी. दोन्ही बाजूंनी सांगण्यासारखे पुष्कळ होते. पहिले पाच-सहा संदेश तसे होतेही. मग कोणी लिहिले की, कोकणी ही भाषाच नव्हे. दुसऱ्याने लिहिले की, मराठीचा पुळका असणाऱ्यांनी सामान बांधून घाटावर जावे. मी दोन्ही भाषांचा विचार करून चार ओळी लिहिल्या, तेव्हा एका बाजूने मला 'घरभेदी' म्हटले आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या बाजूनेही नेमका तोच शब्द योजला. त्या दोन पक्षांचे त्या रात्री एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झाले असावे. तासाभराच्या आत अ‍ॅडमिनने ग्रुपला कुलूप घातले. आता तेथे फक्त त्यालाच लिहिता येते. सूत्रसंचालनाचा निर्णय समितीतील तिघांनी परस्पर घेतला. एका बाकावर बसून दहा वर्षे शिकलेले दोघे जण त्या स्नेहसंमेलनात एकमेकांस चुकवून जेवले, हे मी पाहिले.

गोव्यातील वाचकांस सांगणे न लगे, पण इतरांसाठी सांगते, की हा वाद आमच्याकडे कालचा नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून वेगळा राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. त्या कौलापूर्वी वृत्तपत्रांतून जे युद्ध झाले त्यात एक गंमत होती. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा 'गोमन्तक' मराठी दैनिक होता आणि त्याच्या विरोधात उभा राहिलेला 'राष्ट्रमत'ही मराठी दैनिकच होता. कोकणीचे वेगळेपण मराठीतून मांडले जात होते, आणि तेही असे की दुसऱ्या बाजूच्या माणसानेही ते सकाळी विकत घेऊन वाचावे. पुढे १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केले, ज्यान्वये देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. हे विधेयक होण्यापूर्वी, १९८६ च्या डिसेंबरात, याच वादापायी रस्त्यावर माणसे मेली. तेव्हा भाषेच्या भांडणातील शब्द हे नुसते शब्द असतात, असे आमच्या प्रांतात तरी कोणी म्हणू नये.

पण याच प्रांतात बा. भ. बोरकर मराठीत लिहीत आणि कोकणीतही लिहीत. त्यांच्या 'सासाय' या कोकणी काव्यसंग्रहास १९८१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि म्हणून मराठी वाचकाने त्यांची मराठी कविता घराबाहेर टाकली असे झाले नाही. लक्ष्मणराव सरदेसाई यांनीही मराठी कथेत नाव मिळविले आणि कोकणीतही लेखन केले. 'घरभेदी' या शब्दाची सोय लावावयाची, तर घराच्या या फार मोठ्या माणसांपासून आरंभ करावा लागेल.

मी जुन्या काळाची आरती ओवाळीत आहे, असा समज मात्र करून घेऊ नका. त्या काळीही हँडबिले निघत, आणि त्यांतील भाषा आजच्या ग्रुपांस लाजवील अशी असे. त्याहून मागे जा. टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. नंतर मतभेद झाले. १८८८ साली आगरकरांनी 'सुधारक' काढला, आणि 'केसरी' व 'सुधारक' यांत जे वाग्युद्ध झाले ते दोन्ही बाजूंनी तिखट होते. पुण्यात तर आगरकरांची ते जिवंत असता प्रेतयात्रा काढण्यात आली. ती काढणारे लोक आजच्या ट्रोलांचे सख्खे पूर्वज होत. त्यांस मोबाइल मिळाला नव्हता, एवढाच फरक. १८९५ साली आगरकर वारले तेव्हा मात्र टिळकांनी 'केसरी'त त्यांच्या गुणांचा गौरव केला. दोघांतील मतभेद त्या लेखाने मिटले नाहीत, आणि मिटावे अशी अपेक्षाही नव्हती. आज आपण त्या दोघांचे लेख वाचतो. प्रेतयात्रेत कोण कोण होते, ते कोणास ठाऊक नाही.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येते. 'वाद नको' असे म्हणताना आपण 'वाद' या फार चांगल्या शब्दावर अन्याय करतो. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत दोन पक्षांच्या बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय ते ठरावे म्हणून दोघे प्रमाणे व तर्क यांच्या आधाराने बोलतात, तो वाद. केवळ जिंकावयाचे म्हणून भल्याबुऱ्या साधनांनी बोलणे हा जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता दुसऱ्याचा पक्ष फक्त मोडीत राहणे ही वितंडा. तेव्हा ज्यास आपण आज कंटाळलो आहोत ती वितंडा होय. वाद हा तिघांतला सज्जन. गुरू-शिष्य आणि सहाध्यायी यांच्यात चालावा असा. अ‍ॅडमिनने सोवळेपणाने बाहेर काढला तो नेमका त्यालाच. वितंडा काही बाहेर जात नाही. ती दुसऱ्या ग्रुपवर जाते आणि तेथून पहिल्या ग्रुपवरील माणसांविषयी बोलते.

त्या प्राचीन आचार्यांनी आपले ग्रुप पाहिले नव्हते, हे कधी कधी खरे वाटत नाही. जल्पातील एका हत्याराला त्यांनी 'छल' असे नाव दिले. समोरच्याच्या शब्दाचा त्याच्या मनात नसलेला अर्थ मुद्दाम काढावयाचा आणि त्या अर्थावर तुटून पडावयाचे, तो छल. वात्स्यायनाच्या भाष्यातील उदाहरण प्रसिद्ध आहे. कोणी म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे; त्याच्या मनात असते, याची कांबळी नवी आहे. दुसरा ओरडतो, 'नऊ कुठे आहेत? एकच तर आहे!' आज हेच काम अर्ध्या वाक्याचा स्क्रीनशॉट करतो. मागचे-पुढचे कापून मधली ओळ पाच ठिकाणी पाठविली, की नव्या कांबळीच्या नऊ कांबळी होण्यास वेळ लागत नाही. पराभवाची बावीस स्थानेही सूत्रकारांनी मोजून दिली आहेत. त्यांतील एकाचे नाव विक्षेप. उत्तर सुचेनासे झाले की 'मला जरा काम आहे' म्हणून चालता होणारा माणूस हरला असे समजावे, असा तो नियम. 'अमुक यांनी ग्रुप सोडला' अशी ओळ दिसते तेव्हा मला हा विक्षेप आठवतो. अर्थात, शिव्या खाऊन उठून गेलेल्यास हा नियम लावता येणार नाही.

कारण या सर्व विवेचनास एक मोठा अपवाद आहे, आणि तो मुलींच्या व त्यांच्या आयांच्या कानांवर विशेषेकरून घातला पाहिजे. काही संदेशांचा वादाशी काहीच संबंध नसतो. एखाद्या मुलीच्या छायाचित्राखाली गलिच्छ मजकूर लिहिणे, धमकी देणे, एखाद्या मुलास ठरवून सर्वांनी रोज टोचणे, याला उत्तर देऊ नये. सभ्यही नको आणि असभ्यही नको. तो मजकूर पुरावा म्हणून जपून ठेवावा आणि घरी किंवा शिक्षकांस सांगावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाने पाठ करावा. सभ्यतेच्या नावाखाली सोसत राहा, असे मी कोणाही मुलीस सांगणार नाही. पालकांस एवढीच विनंती, की मुलीने धीर करून अशी गोष्ट सांगितली असता तिच्याच हातातील मोबाइल प्रथम काढून घेऊ नका. शिक्षा तिला झाली असे तिला वाटते, आणि पुढच्या वेळी ती काही सांगत नाही. मागील दोन वर्षांत हे मी तीनदा पाहिले.

धमकी आणि बदनामी यांसाठी कायदा आहे. पण केवळ उद्धटपणासाठी कायदा असावा काय? तो होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम त्रासदायक किंवा आक्षेपार्ह संदेशास तीन वर्षांपर्यंत कारावास सांगत होते. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींस, मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिलेल्या एका साध्या मताबद्दल आणि ते मत पसंत केल्याबद्दल, अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरविले. 'आक्षेपार्ह' हा शब्द इतका सैल होता की त्यात शिवी देणाऱ्यापेक्षा मत देणारेच अधिक सापडावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली असेही सांगितले की, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ग्रुपच्या अ‍ॅडमिनवर फौजदारी जबाबदारी येत नाही. मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात. मात्र कायद्याने सुटलेला अ‍ॅडमिन सभेच्या अध्यक्षपदावरून सुटत नाही. चांगला अध्यक्ष सभा बंद करीत नाही. तो बोलणाऱ्यास थांबवून विचारतो, 'हे तुम्ही विषयावर बोलला की माणसावर?' एका माणसास एक दिवस बाहेर बसविणे हे शंभर माणसांस कायमचे गप्प बसविण्यापेक्षा पुष्कळ सौम्य आहे.

आणि गप्प बसल्याने काय हरवते? मुलांच्या दृष्टीने पाहा. घरात वडील, आत्या, मामा यांच्या ग्रुपवर दोनच गोष्टी चालताना त्यांना दिसतात: पुष्पगुच्छ किंवा चिखलफेक. भिन्न मताच्या माणसाशी एक तासभर नेटाने बोलून, न जिंकता व न हरता, चहा पिऊन उठणारी माणसे त्यांच्या दृष्टीस पडत नाहीत. मग माध्यमाचा प्रश्न असो, खाणीचा असो, गावात येणाऱ्या एखाद्या प्रकल्पाचा असो, त्यांनी मत मांडावयाचे ते कोणाचे पाहून? आमच्या हातून निबंध मात्र त्यांना 'मोबाइल : शाप की वरदान' हाच मिळतो.

या वर्षी नववीच्या वर्गात मी एक छोटा खेळ सुरू केला आहे. त्याचीही कल्पना शास्त्रकारांचीच. त्यांच्या ग्रंथांत आधी पूर्वपक्ष येतो, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, आणि तेही त्याला मान्य होईल अशा भाषेत. आपले म्हणणे त्यानंतर. आमचा नियम असा, की दोन मुलांनी समोरासमोर उभे राहावे; प्रत्येकाने प्रथम दुसऱ्याचे मत सांगावे, आणि दुसरा 'होय, हेच माझे म्हणणे' असे म्हणेपर्यंत स्वतःचे मत मांडू नये. पहिला विषय मुलांनीच निवडला: सूत्रसंचालन कोणत्या भाषेत? गावातील गोष्टी मुलांपासून लपून राहत नाहीत.

मराठीच्या बाजूचा मुलगा मोठा हुशार, वक्तृत्वात बक्षिसे मिळविलेला. त्याने कोकणीची बाजू तीनदा सांगितली आणि समोरच्या मुलीने तिन्ही वेळा मान हलवून नकार दिला. 'टीचर, ही मुद्दाम करते,' अशी त्याने तक्रार केली. ती म्हणाली, 'मी मुद्दाम करत नाही. मराठी नको असे मी म्हटलेच नव्हते. माझ्या आजीला कळेल असे काहीतरी असावे, एवढेच मी म्हटले.' चौथ्या वेळी त्याने आजीपासून सुरुवात केली, आणि तिने 'होय' म्हटले. तेवढ्यात घंटा झाली. तासिका पस्तीस मिनिटांची. तिच्यात एकच पूर्वपक्ष पुरा झाला. उत्तरपक्ष शनिवारी आहे.